भिंतीवरचा लांडगा

"शिडीवर काय करतोयस रे, अँब्रोज?"

खालून आवाज आला आणि अँब्रोज कुलासच्या हातातली पक्कड कोटाच्या खिशात गडप झाली. दुसऱ्या खिशात एक जुनं फडकं होतं, ते बाहेर आलं. चर्चच्या हॉलच्या दारात मार्था एटमन्स्की बटाट्यांचं पोतं कंबरेवर घेऊन उभी होती आणि तिच्यामागे पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, करायला आलेल्या आणखी सहा बायका. मंगळवारी बायका चर्चच्या जेवणासाठी पिरोगी वळायला बसतात, हे सेंट हेडविग गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. अँब्रोजच्या तेवढं लक्षात राहिलं नव्हतं.

"धूळ पुसतोय," तो म्हणाला.

"तू?"

"मग? लांडग्यावर बसलीय केवढी!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अँब्रोजची बायको झीटा जाऊन चार वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याच्या घरातल्या धुळीला कुणाचा हात लागला नव्हता.

"बरं झालं बाई," मार्था म्हणाली. "लांडगा झाला की ते मूस हरणाचं डोकं पूस. मग पोपसाहेबांची तसबीर. मग पंखे. शिडी काढलीच आहेस, तर खिडक्यांच्या वरचं पण घे."

झालं! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अँब्रोज साडेतीन तास शिडीवर चढत-उतरत राहिला. मूसच्या नाकपुड्या साफ केल्या, पोपसाहेबांना नमस्कार करून त्यांचा चेहरा पुसला, चौदा वेळा शिंकला. ज्यासाठी आला होता ते लांडग्याचं कातडं चार खिळ्यांवर होतं तिथंच राहिलं. जाताना बायकांनी त्याला डबाभर पिरोगी दिल्या आणि त्या खाताना त्याला आपली फारच लाज वाटली.

हा लांडगा म्हणजे गावाची शान होती. पिवळेजर्द काचेचे डोळे, विचकलेले दात, कडेनं झीटानं स्वतः शिवलेली लाल बनातीची किनार. खाली पितळी पट्टी होती: 'डॉमिनिक शुलिस्टच्या बुरेकला खाणारा लांडगा. धरणारा, अँब्रोज कुलास.' डॉमिनिक म्हणजे झीटाचा भाऊ, अँब्रोजचा मेहुणा. एकतीस वर्षांपूर्वी लाकडं तोडताना त्याचा पाय मोडला, तो दोन महिने शहरातल्या इस्पितळात पडून राहिला आणि त्याचा बुरेक, पिकअपच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून हिंडणारा वासराएवढा करडा कुत्रा, अँब्रोजकडे सांभाळायला आला. बुरेक निसटला. आठवड्याभरात अँब्रोजच्या फासात लांडगा सापडला. लांडग्यानं बुरेकला खाल्लं, अँब्रोजनं लांडग्याला धरलं, असा न्याय झाला आणि गावानं कातडं हॉलमध्ये लावलं.

खरी गोष्ट एवढीच होती, की तो लांडगा नव्हताच. तो बुरेकच होता.

हे अँब्रोजला ठाऊक होतं आणि झीटाला ठाऊक होतं. मानेवरचे केस गळ्यातल्या पट्ट्यानं झिजले होते, तेवढी जागा तिनं लाल बनातीखाली घेतली. "सांगायचं तू. मी नाही सांगणार," एवढंच ती म्हणाली आणि मरेपर्यंत शब्द पाळला. डोळे शहरातल्या, मेलेल्या जनावरांत भुसा भरणाऱ्यानं बसवले, दातही त्यानंच विचकले. ज्या कुत्र्यानं उभ्या जन्मात पोस्टमनवरसुद्धा दात विचकले नव्हते, तो एकतीस वर्षं गुरगुरत लटकला होता.

त्याहून वाईट म्हणजे शुक्रवार. दर शुक्रवारी हॉलमध्ये पत्त्यांचा डाव बसे. बसण्याआधी डॉमिनिक भिंतीपाशी जाई, मूठ उगारी, "हलकटा! चोरा! माझं लेकरू खाल्लंस!" म्हणे आणि शेंगांची दोनचार टरफलं त्या तोंडावर फेकी. मगच पत्ते वाटे. अँब्रोज पहिला डाव हटकून हरे. गावाला वाटे, म्हातारा उशिरा तापतो.

असंच चाललं असतं आणि दोघं म्हातारे एकदाचे मातीआड झाले असते. पण वनखात्याची नोटीस आली. शेजारच्या मोठ्या सरकारी उद्यानातले लांडगे संपत आले होते. ते उद्यानाची हद्द ओलांडून आसपास येत आणि फासात अडकत. म्हणून येत्या शरद ऋतूपासून सगळ्या पंचक्रोशीत लांडग्याला फास लावायचा नाही आणि लांडग्याचा धाकटा चुलतभाऊ जो कायोटी, त्यालाही नाही. कारण खात्याच्या मते दोघे डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत.

फास लावून कातडी विकणाऱ्या गावच्या सापळेवाल्यांच्या तोंडाला फेसच आला. रविवारी चर्च सुटल्यावर हॉलमध्ये सभा भरली. खात्यातर्फे नोएल प्राइस नावाची तरुण बाई आली होती. तिनं पडद्यावर नकाशे दाखवले, ते कुणी पाहिले नाहीत.

"ओळखू येत नाहीत?" सापळेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष फेलिक्स यांता ओरडला. "बाई, आमचे आजे पोलंडहून आले तेव्हापासून आम्ही ह्या जंगलात आहोत. तुम्हाला ओळखू येत नसतील!"

"मलाही येत नाहीत," ती म्हणाली. "रक्त, केस, कातडं तपासावं लागतं."

मग डॉमिनिक उठला. त्यानं भिंतीकडे बोट केलं.

"तो बघा. लांडगा. आमच्या अँब्रोजनं धरला आणि लांडगा म्हणून सांगितला. न्या त्याचा तुकडा, तपासा. लांडगा निघाला तर आमच्या माणसाची नजर खरी, नि तुमची नोटीस खोटी!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. नोएलबाई बुधवारी येऊन तुकडा नेते म्हणाली. अँब्रोज तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या पाठीवर मात्र इतक्या थापा पडल्या, की कवळी हलली.

मधला वार मंगळवार, आणि मंगळवारचं काय झालं ते सांगितलंच.

बुधवारी नोएलबाई छोटी कात्री घेऊन आली.

"बाई, जुनं कातडं हो ते," अँब्रोज म्हणाला. "मीठ, तुरटी, काय काय चोळलंय. त्यातून काय निघणार?"

"नखाएवढं पुरतं, मिस्टर कुलास."

"आणि त्यात... सगळं कळतं?"

"सगळं. लांडगा, कायोटी, कुत्रा. अगदी मिश्रण असलं तरी. सात आठवड्यांनी निकालाचं पाकीट घेऊन येते."

"कुत्रा पण?" अँब्रोज म्हणाला. "वा. विज्ञान फार पुढं गेलं."

अँब्रोजला घरी डॉमिनिकनंच सोडलं. गेल्या वर्षी डॉक्टरनं मोतीबिंदूपायी अँब्रोजचं लायसन्स काढून घेतलं होतं. तेव्हापासून दवाखाना, चर्च, वाण्याचं दुकान, सगळीकडे डॉमिनिकचा पिकअप. मूलबाळ नाही, बायको नाही. आता अँब्रोजला ह्या जगात एक डॉमिनिक होता. सांगावं तर तो जाणार आणि न सांगावं तर सात आठवड्यांनी पाकिटातून बाहेर येणार.

"डॉमिनिक," तो म्हणाला, "माझ्या नजरेवर एवढा भरवसा नको ठेवूस. पुढं उभा ट्रक मला दिसत नाही."

"ते रस्त्यावरचं रे. जनावराची गोष्ट वेगळी."

"आणि चुकलो असलो तर?"

"तू?" डॉमिनिक मोठ्यांदा हसला. "गप बस म्हाताऱ्या. तू त्या लांडग्याला धरलंस म्हणून मी त्या वर्षी जगलो. इस्पितळात गाववाल्यांनी सांगितलं, ऐकून मी रडलो होतो. कुणाला सांगू नकोस."

अँब्रोजनं कुणालाही सांगितलं नाही. सात आठवडे त्याला अन्न गोड लागलं नाही. शुक्रवारी तो दुसरा डावही हरू लागला.

मे महिना उजाडला. बर्फ गेलं, चावऱ्या काळ्या माशांचे ढग आले, आणि माना खाजवत सापळेवाले पुन्हा हॉलमध्ये जमले. मार्थानं लोणच्याची काकडी आणि केक मांडला होता. फेलिक्सनं तर विजयाचं भाषण लिहून आणलं होतं. नोएलबाई पाकीट घेऊन आली ती सरळ अँब्रोजकडे.

"मिस्टर कुलास, आधी आपण दोघं बाहेर दोन मिनिटं बोलू या का?"

"बाहेर कशाला?" डॉमिनिक गरजला. "इथं वाचा! सगळ्यांसमोर!"

पोरगी चांगली होती. तिनं अँब्रोजकडे पाहिलं आणि पाकीट उघडलंच नाही. अँब्रोज खुर्चीला धरून उभा राहिला.

"वाचू नका बाई. मी सांगतो. तो कुत्रा आहे."

हॉलभर हशा पिकला. म्हातारा रंगात आला म्हणून कुणी शिटीही मारली.

"डॉमिनिक," अँब्रोज म्हणाला, "तो बुरेक आहे."

मग कुणी हसलं नाही.

फेलिक्सला अध्यक्ष म्हणून काहीतरी करणं भाग होतं. "हे बघा," तो म्हणाला, "थंडीचे दिवस. जनावर गोठलेलं, अंगावर बर्फ. अशात कुणाचीही चूक होते. काय अँब्रोज? चूकच झाली ना?"

सुटकेचं दार उघडं होतं. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. चूक डॉमिनिकनं माफ केली असती, रागावून, आठवडाभर न बोलून, पण केली असती. अँब्रोजला ते स्वच्छ दिसलं. पण एकतीस वर्षं पोटात ठेवून तो थकला होता.

"चूक नाही झाली," तो म्हणाला. "तीस पावलांवरून ओळखलं. शेपूट उजवीकडे वळलेली. तिथंच बर्फात बसलो."

"ऐकलंत!" फेलिक्स टुणकन उडाला. "बाई, लिहून घ्या! तीस पावलांवरून! गोठलेला असताना! आमच्या माणसाला ओळखता येतं म्हणतो ते हेच!"

"लिहिते," नोएलबाई हळू आवाजात म्हणाली. "पण तोवर तो मेला होता ना?"

"हो," अँब्रोज म्हणाला.

"मग मिस्टर यांता, तुम्हाला ओळखता येत असेलही. फासाला कुठं येतं?"

फेलिक्सनं भाषणाचा कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात ह्याचं उत्तर नव्हतं. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिथल्या एकेकाच्या मनात येऊन गेली असणार, पण मोठ्यांदा कुणी म्हटली नव्हती. तो खाली बसला आणि केक खाऊ लागला.

डॉमिनिक मात्र उभाच होता.

"पुरला का नाहीस?" त्यानं विचारलं.

"जानेवारी होता. जमीन दगडासारखी. म्हटलं घरी ठेवू, उन्हं आली की पुरू. पेट्रोल पंपावर लोकांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला. करडी पाठ दिसली नि 'लांडगा, लांडगा' म्हणून नाचायला लागले. मी तोंड उघडलं नाही."

"आणि मला?"

"तुझा पाय टांगलेला. म्हटलं बरा झालास की सांगू."

"बरा होऊन एकतीस वर्षं झाली, अँब्रोज."

"हो."

"दर शुक्रवारी मी त्याला शिव्या घालतो."

"हो."

"टरफलं मारतो."

"म्हणून तर मी पहिला डाव हरतो."

डॉमिनिकनं तोंडावरून हात फिरवला. मग त्यानं हळूच विचारलं, "कुठं चालला होता तो?"

हे अँब्रोजनं झीटालाही सांगितलं नव्हतं. "हमरस्त्याकडे," तो म्हणाला. "शहराच्या बाजूला. इस्पितळाकडे. तुला शोधायला निघाला होता, रे."

डॉमिनिकनं शिडी आणली. चढताना तो मोडका पाय मागून ओढत होता, पण शिडी धरायला जायची कुणाची छाती झाली नाही. खिळे बोटांनी निघेनात. अँब्रोज पुढं झाला आणि कोटाच्या खिशातून पक्कड काढून त्यानं वर केली. मार्चपासून ती तिथंच होती.

"म्हणजे त्या दिवशी तू धूळ पुसत नव्हतास!" मार्था मागून ओरडली.

कातडं खाली आलं. डॉमिनिकनं ते घोंगडीसारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि तो बाहेर चालू पडला. मंडळानं हरकतीचा ठराव मांडला नि एकमतानं संमतही केला. सरकारनं तो वाचला की नाही देव जाणे, शरद ऋतूत बंदी आलीच.

अँब्रोज बाहेर आला तेव्हा डॉमिनिकनं कातडं पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं होतं, पंजे सरळ केले होते आणि वरून सीटचा पट्टा लावला होता. आपल्या रुमालानं काचेचे डोळे झाकले होते. अँब्रोज माशा वारत दाराशी उभा राहिला. घर अकरा किलोमीटर होतं.

"मी... चालत जाऊ?" त्यानं विचारलं.

डॉमिनिकनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"ही त्याची जागा आहे," तो म्हणाला. "तू मागं बस. फावडं पण आहे तिथं. जमीन आता मऊ झालीय."

अँब्रोज मागच्या उघड्या हौद्यात कसाबसा चढला आणि फावडं मांडीवर घेऊन बसला. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. मागच्या काचेतून त्याला डॉमिनिकची पाठ दिसत होती. एवढ्या माशांत डॉमिनिक सीटवर आडवा झाला, हात लांब केला आणि बुरेकच्या बाजूची खिडकी त्यानं पूर्ण खाली केली. मग गाडी निघाली.