रेघेबाहेरची चौथी गल्ली

मित्रांनो, बंदरालगतच्या नगरपालिकेचा जिना कधी चढलात, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर जरा थांबा. तिथे काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद दिसेल. तो मीच. मी या गावाचा जुना पूर-नकाशा आहे.

मला एका अबोल आरेखकाने काढलं. उधाणाचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी निळी रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा आणि हात उचलला की खोकायचा. त्या रेघेला त्याला अकरा दिवस लागले. रेघेच्या आत निळा रंग, म्हणजे धोका. बाहेर कोरा कागद, म्हणजे निर्धास्त. इतका जीव ओतून काम करणाऱ्या माणसाच्या हातून मी घडलो, हे माझं भाग्य.

पुढची वर्षं थाटात गेली. घर बांधणारे, दुकान घेणारे, सगळे आधी माझ्यापुढे उभे राहायचे. शाळेतल्या बाई मुलांची रांग घेऊन यायच्या. परवानगीच्या टेबलावरचे कारकून तर मला दाखवून सांगायचे, "नकाशात पांढरं आहे ना? मग पाय पसरून झोपा!" ते ऐकून मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

दरम्यान बाहेर काय बदललं, ते मला जिन्यात टांगल्याजागी कळलं नाही. पाणथळ जागा भरून तिथे गोदामं उठली. समुद्रही जरा जरा करत वर सरकला. माझी रेघ मात्र होती तिथेच राहिली.

एका सकाळी वादळाचा इशारा आला. चौथ्या गल्लीतली शिंपीणबाई धापा टाकत जिना चढून आली. तिच्या सासऱ्यांच्या पायाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांना हलवायचं म्हणजे मोठा खटाटोप. तिने काचेवर बोट फिरवत आपली गल्ली शोधली. पांढरी! "सुटले बाई," असं म्हणून ती घरी परत गेली.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. चपला चिखलाने भरलेल्या, आवाज बसलेला.

"याच्या भरवशावर मी घरी थांबले," ती कारकुनांना म्हणाली. "दुपारी पाणी घरात शिरलं. बाबांना कापड बेतायच्या टेबलावर चढवलं, तर पाणी फळीला टेकलं. शेजारचे बर्फाच्या कारखान्यातले दादा होडी घेऊन आले, म्हणून आम्ही आज आहोत. आणि तुमच्या नकाशात माझं घर अजून कोरडंच!"

कारकुनांचा चेहरा पडला. "फाडूनच टाकतो हा," ते पुटपुटले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मोजणी खात्याच्या ताई तिथे आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "फाडू नका," त्या म्हणाल्या. "हा खोटं बोलला नाही. याला पुढचं कुणी सांगितलंच नाही." त्यांनी चौकट उघडली, तर लाकडी पट्टीखाली आरेखकाची बारीक अक्षरं झाकली गेली होती: 'दर दहा वर्षांनी नव्याने मोजावा.' सत्तावीस वर्षं उलटली होती.

ताईंनी मला गुंडाळून काखेत घेतलं आणि शिंपीणबाईला सोबतीला बोलावलं. मित्रांनो, ज्या गावाचा मी नकाशा, ते गाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं! दोघी दारोदार फिरल्या. भिंतीवरच्या चिखलाच्या खुणा त्यांनी मोजल्या आणि माझ्या अंगावर पेन्सिलने आकडे लिहिले.

लोखंडी सामानाच्या दुकानदारकाकांनी मात्र खूण पुसून भिंतीला घाईघाईने रंग दिला होता. "गल्ली निळी केलीत, तर इथे राहायला कोण येईल?" ते तडकून म्हणाले.

"काका, भिंत रंगवलीत," शिंपीणबाई म्हणाली, "पण काकू माळ्यावर चढून रडत होत्या, ते मी ऐकलंय. ते कशाने पुसणार?"

काकांनी रंगाचा डबा बाजूला ठेवला. मग त्यांनी स्वतःच कपाट सरकवलं. मागे कमरेएवढ्या उंचीवर खूण तशीच होती.

नवा नकाशा तयार होऊ लागला, तेव्हा शिंपीणबाई म्हणाली, "ताई, पाणी किती चढेल ते गडद निळ्या-फिकट निळ्यावरून मला काही समजत नाही. आम्ही मापं अंगावर घेतो. घोटा, गुडघा, कंबर असं लिहा की!" ताई हसल्या आणि त्यांनी तसंच लिहिलं. वर ठळक आकड्यांत सालही घातलं. मग तो नकाशा बाजारात, दवाखान्यात, शाळेत आणि बसथांब्यावर लागला.

पुढच्या वर्षी पुन्हा उधाण आलं. चौथ्या गल्लीवर 'कंबर' असं लिहिलेलं होतं. पाणी गुडघ्यापर्यंतच आलं, पण ते आलं तेव्हा गल्लीत एकही माणूस नव्हता. दुकानदारकाकांनी सगळ्यांच्या आधी कुलूप लावलं होतं. शिंपीणबाईचे सासरे टेकडीवरच्या शाळेत बाकावर बसून पत्ते कुटत होते.

मला पुन्हा जिन्यात, नव्या नकाशाशेजारी लावलं आहे. एके दिवशी सासरेबुवा काठी टेकत, पायरी पायरीला थांबत वर आले. मला शरमेने त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी मला बारकाईने न्याहाळलं.

"सूनबाई, या जुन्यावर एवढं पेन्सिलीने कुणी गिरबटलंय?"

"आपल्या गल्लीने, बाबा."

"मग राहू दे याला इथेच," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या गल्लीचे, त्या ताईंचे, रागावून जिना चढून आलेल्या शिंपीणबाईचे उपकार मी कसे फेडू? तुमच्या गावातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यापुढे उभे राहा, आपलं घर शोधा, तो कोणत्या साली काढला ते विचारा. पाणी त्याच्या रेघेपलीकडे गेलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर जाऊन स्पष्ट सांगा, आमची भीड ठेवू नका. म्हातारपणाचं आम्हाला दुःख नाही. आमच्यावर विश्वास ठेवून कुणी पाण्यात उभं राहू नये, एवढंच वाटतं.