मिलिसावच्या धुराड्याची ओढ

मिलिसावने धुराडं वाढवलं ते धुरासाठी नाही, तर पलीकडच्या चुलतभावाने आपलं वाढवलं म्हणून. पानगळीच्या दिवसांत शिडी लावून त्याने विटांवर लांबलचक लोखंडी नळकांडं चढवलं आणि खाली उतरून म्हणाला, "आता खोऱ्यात कुठूनही दिसेल."

"दिसायला धुराडं कशाला?" त्याची बायको स्तानोयका म्हणाली. "तू आहेस की."

हिवाळा लागला, झ्लातार डोंगरावरून वारं सुटलं आणि स्वयंपाकघरातली लाकडाची शेगडी हंबरायला लागली. धुराड्याची ओढ अशी जबर की ओंडका आत टाकावा आणि मागे वळेपर्यंत त्याची राख व्हावी. अर्धी ऊब आभाळाला, उरलेली माणसाला भाजून काढणारी. स्तानोयकाची चीज भरलेली पापुद्र्यांची गिबानित्सा वरून कोळसा आणि आतून कच्ची. हिवाळाभर पुरायची लाकडं नाताळाआधीच तळाला लागली. शेगडीच्या नळीत ओढ आवरायला एक झडप बसवून घे, असं तिने किती वेळा सांगितलं.

"धुराडं म्हणजे घराचा श्वास," मिलिसाव म्हणायचा. "श्वासाला कुणी लगाम घालतं का?"

"घोरणाऱ्याला घालावासा वाटतो," ती म्हणायची.

अशातच त्यांच्या मुलीला, ल्युबिंकाला, मागणी घालायला मंडळी यायची ठरली. मुलाचे वडील तिहोमिर म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. ताठ आणि मोजकं बोलणारा माणूस. अशा माणसासमोर काय बोलायचं, याची स्तानोयकाला धास्ती होती. मिलिसावला मात्र एकच काळजी: व्याही गारठता कामा नयेत. त्याने सकाळपासून शेगडी ठासून भरली.

राकियाच्या दारूचा पहिला पेला होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग मुलाची आई स्लावकाबाई यांनी शाल काढली, थोड्या वेळाने स्वेटर काढला, आणि शेवटी बशीने वारा घ्यायला लागल्या. मुलाने बाह्या दुमडल्या. स्तानोयकाने खिडकी उघडली, तर शेगडीला आयतीच हवा मिळाली आणि ती जास्तच डरकाळ्या फोडू लागली. तिहोमिर तेवढा काळ्या लोकरी कोटाची सगळी बटणं लावून बसला होता. तोंड बिटासारखं लाल.

"कोट काढा ना, व्याहीबुवा," मिलिसाव म्हणाला.

"नको. बरं वाटतंय."

"काढू नका म्हणते मी," स्लावकाबाई घाईने म्हणाल्या.

इतक्यात नळीचा बुंधा लाल दिसायला लागला. तिहोमिर उठला, मुकाट्याने कोट काढला आणि खुर्चीवर टाकला. सदऱ्याची कॉलर आणि छाती कडक इस्त्रीची. बाह्या आणि पाठ उकडलेल्या कोबीच्या पानासारखी, वर खांद्यापाशी भलंमोठं ठिगळ.

"कोट काढणार नाही, असं कबूल केलं होतं यांनी," स्लावकाबाई पुटपुटल्या.

स्तानोयकाला हसू आवरेना. "अहो विहीणबाई, याच्याही सदऱ्याला मी दिसेल तेवढीच इस्त्री करते. मिलिसाव, काढ बघू जाकीट."

मिलिसावला काढावं लागलं. त्याची पाठ पाहून स्लावकाबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

तिहोमिरला आता झाकायला काही उरलं नव्हतं. तो शेगडीपुढे गुडघ्यांवर बसला, खालचं राखेचं दार घट्ट लावलं, लाकडं पसरून त्यांवर फावडंभर थंड राख टाकली. हंबरणं हळूहळू घुरघुरण्यावर आलं.

"झडप नाही नळीत?"

"धुराडं म्हणजे घराचा..." मिलिसावने सुरुवात केली.

"मी जन्मभर गाड्या थांबवल्या," तिहोमिर म्हणाला. "जे थांबवता येत नाही, ते घरात ठेवू नये."

मिलिसावने पेले भरले. मग दोन्ही घरचे अर्ध्या इस्त्रीच्या सदऱ्यांत जेवले, नाचले आणि लग्न ठरवून मोकळे झाले. स्तानोयकाला वाटलं, कोट घातलेला असता तर हा माणूस संध्याकाळभर हवामानावरच बोलला असता.

पुढच्या रविवारी तिहोमिर लोखंडी चकती आणि दांडा घेऊन आला आणि नळीत झडप बसवून गेला. धूर कोंडू नये म्हणून चकतीच्या कडेला त्याने मोठी खाच ठेवली होती. एवढ्या एका भेटीत त्याने मिलिसावला ओळखलं होतं, हा झडप पार बंद करून ठेवायचा. आणि खरंच, मिलिसाव तेव्हापासून दिवसभर तो दांडा फिरवत बसतो. गिबानित्सा आता सोनेरी निघते. आणि कुंपणापाशी चुलतभाऊ भेटला की मिलिसाव त्याला गंभीरपणे सांगतो, "धुराडं नुसतं उंच असून भागत नाही, बाबा. लगाम लागतो."