प्रज्ञेश गप्प का बसतो

घटकाभर डोळे मिटून बघा. भिंतीपलीकडे यंत्रमाग खटाखट चालू आहेत, इतके की शेजारी बसलेल्या आईला मारलेली हाकही ऐकू जात नाही. काय कराल? हात हलवाल. गोडादरा वस्तीतल्या नेहाच्या घरी सगळे तेच करत, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

नेहाचा धाकटा भाऊ प्रज्ञेश बालवाडीत तोंडच उघडत नव्हता. तिथल्या रजनीबाई आईला म्हणाल्या, "असंच राहिलं तर यंदा पहिलीत नाही पाठवता येणार. शनिवारी ठरवू." घरी तर माग थांबले की हाच पोरगा बोलून डोकं उठवायचा. नेहानं कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या स्वप्ना मावशीला गाठलं.

"मावशी, तो बाईंवर रुसलाय."

"रुसवा दिसला तुला? केवढा होता?"

नेहाला हसू आलं. "दिसला नाही, पण..."

"मग आधी बघून ये. मध्ये बोलायचं नाही, त्याला मदत करायची नाही. दिसेल तेवढंच सांग. का, ते मागाहून."

नेहाची शाळा दुपारची. सकाळी ती बालवाडीत जाऊन भावाकडे टक लावून बसली, तर तो कपाटामागे लपला.

मावशी म्हणाली, "वाघ बघायला आल्यासारखी बसलीस तर कोणीही लपेल. हातात काहीतरी काम घे."

दुसऱ्या दिवशी नेहा पापडीच्या शेंगा निवडत बसली. थोड्या वेळानं प्रज्ञेश तिला विसरूनही गेला. वर्गात गलका होता. त्याचा खडू मोडला. त्यानं बाईंसमोर दोन मुठी जुळवल्या आणि झटक्यात लांब केल्या. "मारामारी नको हं," बाई म्हणाल्या. त्यानं हात खाली घेतले. पुढं मुलं अंगणात गेली, वर्ग शांत झाला, तेव्हा तो बाहुलीला हळूच म्हणाला, "रडू नको, आई येतेय."

संध्याकाळी हे सांगता सांगता नेहा थबकली. "मावशी, मुठी तर आई अशा करते. मागावर धागा तुटला हे सांगायला. तो खडू मोडल्याचं सांगत होता. म्हणजे गलका असला की हा हातांनीच बोलतो."

"अंदाज बरा आहे. पण एकदा बघून खरा मानू नकोस."

नेहा शुक्रवारपर्यंत बघत राहिली. गलक्यात हात, शांततेत तोंड. दर वेळी तेच.

शनिवारी आई दारात अवघडून उभी होती. भर गलक्यात बाईंनी चित्र दाखवलं. "प्रज्ञेश, हे काय?" त्यानं डोक्यावर दोन बोटं उभी केली. बाईंनी सुस्कारा सोडला. उत्तर नेहाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"बाई, वर्ग गप्प करून एकदा विचाराल का?"

बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि पुन्हा विचारलं.

"बकरी," प्रज्ञेश म्हणाला. "पण तिचा एक कान काढायचा राहिलाय."

बाईंनी चित्र वळवून पाहिलं. खरंच राहिला होता. "ताई, जूनमध्ये पहिलीत बसवते याला," त्या आईला म्हणाल्या, आणि नेहाकडे वळल्या. "तू शिकवलंस?"

"नाही बाई. नुसतं बघितलं."

आणि नेहानं पापडीचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं. खिडकीजवळची एक मुलगी मघापासून एकटीच बसली होती.