टवका गेलेली बाटली

माझा पीएच.डी.चा अर्ज दोनदा नाकारला गेला होता. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे हा तिसरा अर्ज शेवटचाच. शेवाळावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मी बारा वर्षं सहायक आहे. शेवाळ वाढवायचं, मोजायचं, वहीत लिहायचं. पण प्रश्न नेहमी दुसऱ्याचा. एकदा तरी आपला स्वतःचा प्रश्न हाती यावा, एवढंच देवाकडे मागत होते.

देवाने तो दिला, आणि दिला तोही खरकट्या बाटल्यांतून!

झालं असं की आमचं शेवाळ अचानक मरायला लागलं. सकाळी धुतलेल्या बाटल्यांत मरे, दुपारी धुतलेल्यांत जगे. तीन आठवडे डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. बेसिनची नळी बदलून तांब्याची बसवली होती. रात्रभर तिच्यात पाणी साचे, तांबं उतरे, आणि सकाळचं पहिलं पाणी शेवाळाला विष होई. मी वहीत लिहिलं, ‘सर्व बाटल्या ओतून द्याव्यात,’ आणि सकाळी धुतलेल्यांचा तो ट्रे बाटल्या धुणाऱ्या मावशींकडे सरकवला.

आठवड्याने पाहते तर बेसिनवरच्या खिडकीत त्यातलीच एक बाटली, आणि आत हिरवंगार शेवाळ. बाकी सगळं मेलं, मग हेच कसं जगलं? हाच माझा प्रश्न. त्या बाटलीतल्या शेवाळाचा पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला वंश आज चाळीस बाटल्यांत आहे.

अर्जासोबत दोन पानी निवेदन द्यायचं होतं. मी लिहिलं आणि शाळेत शिकवणाऱ्या माझ्या दादाला दाखवलं. दादाने लाल पेन काढलं.

“ठमे, हे निवेदन आहे की आभारप्रदर्शन? प्रयोगशाळेचे प्रमुख, ग्रंथपाल, वीज दुरुस्त करणारा, बाटल्या धुणाऱ्या मावशी... तुझा पूर्वरंगच दीड पान चाललाय! उत्तररंगाला जागा कुठे उरली?”

“अरे, पण मावशींनी ती बाटली ठेवली नसती तर...”

“समितीला तू हवी आहेस, तुझं गणगोत नको. दोनदा तोंडघशी पडलीस ते याच भिडेपायी.”

त्याची तळमळ खरी होती. त्याने वाक्य बदललं, ‘एक बाटली वेगळी राखून ठेवली.’ कुणी, ते मोघम. मग वाचताना त्यालाच ते लंगडं वाटलं आणि त्याने पुढे ‘मी’ घातलं. मी पाहिलं. खोडलं नाही. आणि अर्ज पाठवला.

मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत प्रयोगाची वही आणायची होती. आमच्या वहीचा नियम कडक असतो: शाईने लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. प्रत्येक पानाच्या तळाशी साक्षीदाराच्या सहीची ओळ असते. ती आमच्याकडे कायम कोरी, कारण कुणाला वेळ नसतो.

समितीत तिघं होते. अध्यक्षबाई वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी वही उलटत एका पानावर बोट ठेवलं.

“इथे लिहिलंय, सर्व बाटल्या ओतून द्याव्यात. आणि निवेदनात आहे, मी एक राखून ठेवली. यातलं खरं काय?”

सांगता आलं असतं की लिहिल्यावर माझा विचार बदलला. कोण तपासणार होतं? पण डोळ्यांपुढे खिडकीतली ती बाटली आली आणि जीभ वळेना.

“वहीतलं खरं, बाई. मी ओतायलाच सांगितलं होतं. आमच्या बाटल्या धुणाऱ्या मावशींनी ती ठेवली. निवेदनातलं वाक्य खोटं आहे, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गेलं.”

शेजारच्या सरांनी खुर्ची मागे रेलली. झालं, मी मनात म्हटलं, बारा वर्षं पाण्यात.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “त्यांनी का ठेवली?”

“मी... कधी विचारलंच नाही.”

“वर्षभर त्यावर काम करताय आणि विचारलं नाही? निकाल काहीही लागो, आधी जाऊन विचारा. आणि काय कळलं ते मला कळवा.”

बाहेर आले ती रडवेली. तशीच थेट बेसिनपाशी गेले. मावशी कोपरापर्यंत फेसात होत्या.

“मावशी, ती बाटली तुम्ही का ओतली नाहीत हो?”

“कुठली? टवक्याची? अगं, तळाशी नखाएवढं हिरवं होतं. सगळ्या मढ्यांत एक जीव तग धरून बसलेला. देवाने जगवलंय ते मी कशाला ओतू?” मग हात झटकत म्हणाल्या, “तीसुद्धा कोणती, तर सगळ्यांत आधी धुतलेली.”

“हे तुम्हाला कसं आठवतं?”

“आठवायचं काय त्यात? काठाचा टवका गेलाय तिच्या. सकाळी हात ताजे असतात तेव्हा तीच पहिली धुते, रोज. दमल्यावर धुतली तर बोट कापायचं. तू एवढी शिकलेली, तुला एवढं कळत नाही?”

मी तिथेच स्टुलावर बसले. पहिली बाटली म्हणजे नळीतलं पहिलं पाणी, सगळ्यांत जास्त तांबं. मी समजत होते, त्या शेवाळाला विष कमी मिळालं असेल, म्हणून ते निसटलं असेल. उलट, सगळ्यांत जास्त विष पचवून तेच जगलं होतं! वर्षभर जे मला मापांतून सापडलं नाही, ते बेसिनपाशी उभ्या असलेल्या बाईला रोज ठाऊक होतं.

तिथल्या तिथे वही काढून मी त्यांचं म्हणणं तारखेसकट लिहिलं, आणि वही त्यांच्यापुढे धरली.

“इथे सही करा. साक्षीदार म्हणून.”

“हात ओले आहेत गं.”

“मग पुसा!”

त्यांनी हात पुसले आणि एकेक अक्षर जपून सही केली. त्या ओळीवरची ती पहिलीच सही. त्याच दिवशी मी अध्यक्षबाईंना त्या पानाचा फोटो आणि सुधारलेलं निवेदन पाठवलं, दीड पानी पूर्वरंगासकट.

सोमवारी निवड झाल्याचं पत्र आलं. खाली अध्यक्षबाईंच्या अक्षरात एक ओळ होती: ‘सुरुवात टवक्याच्या बाटलीपासून करा.’

दादाने पत्र दोनदा वाचलं आणि लाल पेन माझ्या हातात दिलं. “घे ठमे. यापुढे माझ्या वर्गाचे निबंध तूच तपास.”

मावशींनी मात्र पत्र वाचून दाखवल्यावर एवढंच विचारलं, “म्हणजे आता आणखी बाटल्या का?”

“हो, मावशी. पुष्कळ.”

“येऊ देत,” म्हणत त्यांनी टवक्याची बाटली पुढे ओढली.