आसरांच्या काठची केबल

मित्रांनो, मी मांजरा नदीच्या तळाशी पडलेली एक जुनी वीजकेबल आहे. पडलेली म्हणते खरी, पण निवांत पडणं माझ्या नशिबी कधी आलंच नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावाला नळाचं पाणी मिळालं. विजेची डीपी गावाकडच्या काठावर, विहीर आणि पंप पलीकडे, मधे नदी. म्हणून मला पाण्याखालून नेलं. अंगात तांब्याच्या तारा, वरून पोलादाचं चिलखत! नळाला पाणी आलं त्या दिवशी गावानं माझ्या नावानं नारळ फोडला. मी अगदी फुगून गेले होते.

पुढं प्रवाहानं माझ्याखालची वाळू ओढून नेली आणि मी दोन खडकांच्या मधे लोंबकळू लागले. त्यात दुष्काळ पडला. वरच्या धरणातून पिण्यासाठी सोडलेलं सगळं पाणी त्याच फटीतून धावे आणि मला हलवत राही. मोठा हेलकावा नव्हता, नुसती थरथर होती, पण ती थांबतच नसे. तिचा गुंऽऽ असा आवाज काठापर्यंत जाई.

काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. त्यांची पूजा करणाऱ्या धोंडाबाईंना वाटलं, आसराच बोलतात. बाया ओट्या घेऊन येऊ लागल्या. अगं बायांनो, मी कण्हते आहे, असं ओरडून सांगावंसं वाटे. खडकाच्या कडेवर वाकून वाकून माझी एकेक तार तुटत होती.

पाणी ओसरल्यावर वायरमन वीरण्णांनी मला पाहिलं.

"मावशी, केबल लोंबलीय. खाली वाळूची पोती रचावी लागतेत, न्हाईतर तुटंल."

"आन् आवाज?" धोंडाबाईंनी विचारलं.

"बंद होईल की."

"मग न्हाई! पाण्याची एवढी मारामार, आन् आसरांचं तोंड बांधतूस व्हय?"

आसरांचा कोप कोण ओढवून घेणार? गावातून एकही माणूस पुढं आला नाही.

ऐन वैशाखात पाणी सुटलं आणि मी तुटले. नळ कोरडे पडले. बाया घागरी घेऊन टँकरमागे धावल्या, एकमेकींच्या अंगावर गेल्या. धोंडाबाई आसरांपुढं कान देऊन बसल्या. पाणी वाहत होतं, आवाज मात्र नव्हता.

वीरण्णांनी माझं तुटलेलं टोक त्यांच्यापुढं धरलं. "बघा मावशी. चकाकत्या तारा आज तुटल्या. ह्या काळ्या पडलेल्या लई आधीच."

धोंडाबाईंनी त्या काळ्या तारांवरून बोट फिरवलं. "म्हंजे ही रडत हुती, आन् मी हळदकुंकू वाहत हुते!"

मला जोड बसला. खाली रचलेलं पहिलं पोतं धोंडाबाईंनी स्वतः भरलं होतं. तेव्हापासून त्या आसरांना हात जोडण्याआधी मला विचारतात, "लेकी, बरी हाईस ना?"

मित्रांनो, ती पोती आता कुजली आहेत. वाळू सुटते आहे, थरथर पुन्हा सुरू झाली आहे, आणि धोंडाबाईंना हल्ली कमी ऐकू येतं. नदीकाठी याल तेव्हा हात जरूर जोडा. पण आधी जरा कान द्या.