ब तुकडीला सांगायचं नाही

मुलं कॉम्प्युटरला हुकूम द्यायला शिकतात कशी, आणि मुख्य म्हणजे शिकत का नाहीत, या एका प्रश्नापायी माझ्या नणंदेने तरुणपण घालवलं. मी शाळेत कॉम्प्युटरच शिकवते. प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर मी तिला चहा गाळता गाळता दिलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही. ती विद्यापीठात संशोधन करते. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, आणि तिच्या निबंधांत ज्याला ‘अध्यापन करणारा घटक’ म्हणतात, तो घटक तिच्या समोर बसून भाजी वाढत असतो.

घरात आम्ही तिला डॉक्टर म्हणतो. शेजारच्या आजोबांनी त्यावर विसंबून तिला दोनदा गुडघा दाखवला आहे. मी चिडले की मात्र तिला जुन्या पद्धतीने ‘वन्सं’ म्हणते. मग तिला कळतं की आता गप्प बसायचं.

तर एका संध्याकाळी डॉक्टर घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. विद्यापीठाच्या समितीने तिला बोलावून विचारलं होतं, की बाई, तुमच्या संशोधनाचा विद्यापीठाबाहेर काय प्रभाव पडला? सत्र संपायच्या आत दाखवा, नाहीतर तुमचं पद बंद.

“एवढे निबंध लिहिलेस, कोणीतरी वाचले असतीलच की,” मी म्हटलं.

“वाचले ना. माझ्यासारख्या दुसऱ्या लोकांनी.”

“आणि त्यांचे?”

“त्यांचे मी वाचते.”

अहो रूपम् अहो ध्वनिः, दुसरं काय! मला हसू आलं होतं, पण तिचा चेहरा पाहून मी ते गिळलं. पद गेलं तर तिला लांबच्या शहरात एका कंपनीत जावं लागणार होतं. लोकांनी जाहिरातीवर बोट दाबावं म्हणून बटणाचा रंग कोणता हवा, हे तिथे ठरवतात. तिला ते काम आलंही असतं, पण ती त्यात वाळून गेली असती. आणि घर? न्हाणीघर अडवून बसते, माझी पुस्तकं उचलून नेते, दिवे बंद करत नाही, म्हणून मी तिच्या नावाने रोज खडे फोडते. ती जाणार म्हटल्यावर मला घर आत्ताच रिकामं वाटायला लागलं, आणि त्याचाही मला तिच्यावरच राग आला.

मग डॉक्टर प्रभाव पाडायला निघाली. तिने एक व्हिडिओ केला. तो ज्यांनी पाहिला त्यांत बहुतेक आम्हीच होतो, आणि माझ्या नवऱ्याने बहिणीच्या प्रेमापोटी पाहताना आवाज बंद ठेवला होता. मग तिने आमच्या शाळेत शिक्षकांसाठी व्याख्यान ठेवलं, तेही जेवणानंतर. पडद्यावर बाणांचं असं जाळं उमटलं की चित्रकलेच्या बाईंनी ते कौतुकाने उतरवून घेतलं. गणिताचे सर डोळे उघडे ठेवून झोपले. शेवटी डॉक्टरने “काही शंका?” असं विचारलं, तेव्हा एकच हात वर आला. हात वर करणाऱ्या बाईंना खिडकी उघडायची परवानगी हवी होती.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, “तुझं म्हणणं काय आहे, ते भाजी चिरता चिरता सांग. बाण न काढता.”

तिने सांगितलं. मुलांना प्रोग्रॅम लिहायला लावण्याआधी वाचायला लावा. चालवायच्या आधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, आता काय होईल. मग चालवायचा. अंदाज चुकला तर का चुकला, यावर भांडायचं. बस.

“एवढंच?” मी सुरी खाली ठेवली. “हे चिटोऱ्यावर मावलं असतं! उद्या ये माझ्या वर्गात.”

आणि इथेच, जी चूक फक्त संशोधकच करू शकतात, ती तिने केली. ती म्हणाली, “नुसतं शिकवून चालणार नाही वहिनी, सिद्ध करायला हवं. तुमची अ तुकडी ही पद्धत वापरेल, ब तुकडी वापरणार नाही. शेवटी दोघांची परीक्षा घेऊ. फरक दिसला की समितीचं तोंड बंद. फक्त ब तुकडीला यातलं काही म्हणजे काही कळता कामा नये. एक शब्द गेला तरी संसर्ग होतो आणि प्रयोग फुकट जातो.”

ब तुकडी उतरवा सरांकडे होती. हे त्यांचं मुलांनी ठेवलेलं नाव. सर वर्गात येत, अख्खा प्रोग्रॅम फळ्यावर लिहीत, “उतरवा” म्हणत आणि खिडकीपाशी उभे राहत. मुलं उतरवत. स्वल्पविराम चुकला की कॉम्प्युटर रुसे, की सर म्हणत, “नीट उतरवा.” माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. डॉक्टरने त्यांना पाहिलं आणि हरखून माझ्या कानात म्हणाली, “तुलनेसाठी यांच्याहून चांगला माणूस मिळणार नाही.”

माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी धमाल उडाली. पडद्यावर एक मांजर होतं. सांगाल तसं चालायचं, सांगाल तसं वळायचं, आणि मागे रेघ सोडायचं. हुकूम समोर लिहिलेले. रेघांचं काय होईल? कोणी म्हणे चौकोन, कोणी त्रिकोण, एक जण म्हणाला मांजर भिंतीवर आपटेल. इतकी हमरीतुमरी झाली की मी प्रोग्रॅम चालवला तेव्हा वर्ग श्वास रोखून बसला होता. मांजर भिंतीवर आपटलं. तो मुलगा मधल्या सुट्टीपर्यंत कॉलर ताठ करून फिरला.

डॉक्टरने मात्र शेवटी सगळ्यांना शपथ घ्यायला लावली, की ब तुकडीला सांगायचं नाही. मी तिला म्हटलं होतं, अगं, मुलांना असं सांगणं म्हणजे आगीत तेल. पण ती विद्यापीठातली, मी घटक.

दुसऱ्या दिवशी ब तुकडीतली निम्मी मुलं आमच्या दाराच्या काचेला नाक लावून उभी. डॉक्टरने काचेवर कागद चिकटवला. त्या कागदाला बोटाएवढं भोक पडलं. तिने पुठ्ठा लावला. मग मुलं मधल्या सुट्टीत जिन्यावर कोंडाळं करून बसू लागली आणि त्यातून “चौकोन!”, “पैज?” असे आवाज यायला लागले. डॉक्टर रोज मुख्याध्यापिकांकडे तक्रार घेऊन जायची: जिन्यावर पहारा ठेवा, डबा खायच्या वेळा वेगळ्या करा, एक अ मध्ये आणि एक ब मध्ये असलेल्या जुळ्या बहिणींना घरी एकमेकींशी बोलू देऊ नका. या शेवटच्या मागणीवर मुख्याध्यापिकांनी तिला पाणी दिलं आणि थोडा वेळ बसायला सांगितलं.

संसर्ग नको म्हणून मला शिक्षकांच्या खोलीत उतरवा सरांच्या शेजारची खुर्ची सोडावी लागली. पण एकदा मी त्यांच्या वर्गावरून जाताना ते खिडकीपाशी नव्हते. ते चक्क मुलांमध्ये बाकावर बसून ओरडत होते, “अरे कसा त्रिकोण होईल? वळतंय किती ते बघ आधी!” मला पाहून ते उठले, घाईने फळ्याकडे गेले आणि म्हणाले, “उतरवा.” मुलं खो खो हसली. मी घरी काही बोलले नाही. त्या माणसाला इतक्या वर्षांत इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, आणि मला चहाडी करवेना.

सत्र संपत आलं, परीक्षा झाली. डॉक्टरने जेवणाच्या टेबलावर निकाल मांडला. अ तुकडीने उत्तम केलं होतं. ब तुकडीनेही अगदी तितकंच उत्तम केलं होतं.

“फरकच नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “संपलं सगळं. समितीला काय दाखवू? माझ्या पद्धतीने काही होतच नाही असं दिसतंय.”

तेव्हा मी तिला उतरवा सरांचं सांगितलं. ती ताडकन उठली, मला नको नको ते बोलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना शाळेच्या फाटकातच गाठलं.

सर बिचारे कानकोंडे झाले. “ताई, पोरंच म्हणाली, सर, चालवायच्या आधी सांगू का काय होईल? आता नाही कसं म्हणू? मग मलाही गंमत वाटायला लागली. चूक झाली खरी.” थोडं थांबून ते म्हणाले, “बायकोलाही सांगितलं. ती दुसऱ्या शाळेत शिकवते. तिथे आता सगळ्या वर्गांत सुरू आहे. ते पण थांबवायचं का?”

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मला मात्र राहवलं नाही. “वन्सं,” मी म्हटलं, “काखेत कळसा आणि गावाला वळसा! समितीने काय मागितलं होतं? विद्यापीठाबाहेर प्रभाव. आणि तू इतके दिवस काय करते आहेस? तो पडू नये म्हणून काचेला पुठ्ठे लावते आहेस!”

तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून पहिल्यांदाच निबंध बाहेर पडला नाही.

समितीपुढे आम्ही सगळेच गेलो. सरांनी सांगितलं, मुख्याध्यापिकांनी सांगितलं, “या बाईंनी हे पसरू नये म्हणून जिवाचं रान केलं, तरी पसरलं.” पण अध्यक्षही संशोधकच, त्यामुळे सरळ गोष्ट त्यांना सरळ दिसेना. चष्मा पुसत ते म्हणाले, “दोन्ही वर्ग सारखेच हुशार निघाले, तर ते पद्धतीमुळे हे कशावरून? ही पद्धत जिथे पोचलेलीच नाही अशी एक शाळा शोधा. तिथली मुलं तपासा. तोवर पदाचा निर्णय राखून ठेवतो.”

मग आमची वणवण सुरू झाली. जवळच्या शाळा बाद होत्या. तिथे सरांच्या बायकोच्या मैत्रिणी होत्या. शेवटी आम्ही बस जिथे संपते तिथवर गेलो आणि तिथून पुढे चालत गेलो. टेकडीच्या उतारावर लहानशी शाळा, एक खोली कॉम्प्युटरची, पंखा नुसता गुणगुणणारा. शिक्षिका धिप्पाड होत्या, आणि त्यांचा आवाज फाटकापर्यंत येत होता. विद्यापीठातून वर्ग पाहायला आलोय, एवढंच आम्ही सांगितलं. डॉक्टर मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

बाईंनी पडद्यावर प्रोग्रॅम लावला आणि बटणाकडे बोट नेलं.

“थांबा बाई! चालवू नका!” अख्खा वर्ग ओरडला. “आधी आम्ही सांगतो!”

डॉक्टरने डोळे मिटले. मग ती बाहेर गेली आणि व्हरांड्यातून तिने अध्यक्षांना फोन लावला. मी तिच्या मागोमाग गेले. तिने काही वाढवून सांगितलं नाही की काही लपवलं नाही. “सर, शाळा मिळाली नाही. इथेही पोचलंय. मी आता शोधणं थांबवते. पदाचं तुम्ही ठरवा.”

पलीकडून ते काहीतरी विचारत होते, तेवढ्यात बाई दारात आल्या. विद्यापीठातले कोणी मोठे साहेब फोनवर आहेत हे कळताच त्यांनी डॉक्टरच्या हातातून फोनच घेतला. “नमस्कार साहेब! आमची नवी पद्धत ऐकलीत का? आधी अंदाज, मग बटण. आमची भाची सुट्टीत आली होती, तिने दाखवलं. तिच्या शाळेत म्हणे सगळे असंच करतात. आमची मुलं आता घरी जायचं नाव घेत नाहीत. तुमच्या त्या विद्यापीठातल्या लोकांनाही शिकवा हो हे! कागद काळे करत बसतात नुसते, मुलांचं त्यांना काय कळतंय?” आणि त्यांनी फोन परत दिला.

डॉक्टरने फोन कानाला लावला. मी अगदी खेटून उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

“या बाईंना तुम्ही पढवलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही सर. मी कोण आहे हेही त्यांना माहीत नाही.”

मग ते म्हणाले, “पद राहील तुमचं. मी बघतो. दुसऱ्या प्रयोगाचा नाद सोडा, कोरी शाळा आता तुम्हाला मिळायची नाही.”

मला तिला मिठी मारायची होती, आणि त्याहून जास्त त्या बाईंना हलवून सांगायचं होतं, की अहो, ही सगळी हिची करणी आहे, तुमच्या भाचीची नाही! शब्द ओठांवर आले होते. डॉक्टरने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. तिचे डोळे भरले होते.

“तुम्हाला यातलं काही माहीत नसेल,” बाई तिला म्हणाल्या. “या ना आत. अवघड नाही.”

“दाखवा,” डॉक्टर म्हणाली, आणि जाऊन पहिल्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये बसली.

बाईंनी नवा प्रोग्रॅम लावला. डॉक्टरने तो वाचला, मान डोलावली आणि छातीठोकपणे सांगितलं, “चौकोन.” बाईंनी बटण दाबलं. मांजर चाललं, वळलं, चाललं, वळलं, आणि पडद्यावर झकास चांदणी उमटली. वर्ग खिदळला. शेजारच्या मुलीने तर बाकावर डोकं टेकलं.

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “असू दे हो,” त्या म्हणाल्या. “नवीन माणसाचं चुकतंच.”