गुडघे टेकायच्या बाकाचं गाऱ्हाणं

मी एक बुटका बाक बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, आज मी गोड बोलणार नाही. लाकडाला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरात एक सकाळ काढून बघावी.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यात झाला. एका जुन्या दाराची फळी उरली होती आणि सुताराच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ही मुलगी फोनवर काम करते. कुणी जिन्यावरून पडलं, कुणाची छाती दुखायला लागली, की लोक घाबरून जिथे फोन लावतात, तिथे पहिला आवाज हिचा. पत्ता विचारायचा, धीर द्यायचा, रुग्णवाहिका धाडायची. म्हणून कामावर निघण्याआधी ती गुडघे टेकून प्रार्थना करायची. माहेरी टेकायची ती भुशाच्या पोत्यावर. बापाच्या डोळ्यांना ते सलायचं. त्याने माझी फळी पुढच्या बाजूला जराशी उतरती केली, वर काथ्या भरून जाड कापड ठोकलं, आणि लग्नानंतर मुलगी निघाली तेव्हा मला जावयाच्या हातात देत म्हणाला, "जावईबापू, हा बसायला नाही, चढायला नाही. हा टेकायला आहे."

जावईबापूंनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

सासरी आल्याबरोबर मामंजी माझ्यावर बूट घालायला बसले आणि अलगद घसरून जमिनीवर आले. "हा बाक आहे की घसरगुंडी?" असं म्हणून मलाच टपली मारली. सासूबाई माझ्यावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढू लागल्या. वाऱ्याने दार आपटायला लागलं की नवरोजी मला पायाने ढकलत दारापाशी नेत. हे सगळं मी मुकाट सोसलं. वस्तू म्हटली की वापर आलाच. माझा राग त्यावर नाही.

माझा राग आहे तो त्यांच्या भाविकपणावर.

घर ख्रिस्ती, विश्वासणारं. रविवार चुकवायचे नाहीत, जेवणाआधी आभार मानल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. सून रोज सकाळी गुडघे टेकते याचा तर त्यांना केवढा अभिमान! सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "आमची सूनबाई फार प्रार्थनाशील हो!" आणि मग सुरू झालं.

ती टेकायची. डोळे मिटायची. "हे स्वर्गीय बापा..."

"सूनबाई, टेकलीच आहेस तर माझा गुडघा पण घाल गं त्यात. कालपासून ठणकतोय."

"हो, आई. हे स्वर्गीय बापा, आईंच्या गुडघ्याला..."

"उजव्या हं! डावा बरा आहे."

तेवढ्यात न्हाणीघरातून मामंजी, "पाणी तापलं का? आणि वरच्या मजल्यावरच्या त्या माणसाला सुबुद्धी दे म्हणावं. रोज आपल्या खिडकीवर पाणी सांडतो!"

"हो, बाबा."

मग नवरोजी, एका पायात मोजा घालून लंगडी घालत, "अगं, दुसरा कुठाय? आणि आज मला साहेबांसमोर बोलायचंय, तेवढं बघ ना."

तेवढं बघ! जणू ती देवाच्या कचेरीतली कारकून, आणि हे सगळे खिडकीतून हात घालून अर्ज सरकवतायत. बरं, ज्याच्याशी बोलायचं तो काही सुट्टीवर गेलेला नव्हता. ह्यांना स्वतःला टेकता येत नव्हतं का? पण घरात एक प्रार्थना करणारी आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी गुडघे का झिजवावेत!

ती बिचारी सगळ्यांचं सगळं मागायची. गुडघा, सुबुद्धी, साहेब. मध्येच उठून मोजा शोधून द्यायची आणि पुन्हा टेकायची. तोवर बसची वेळ व्हायची, आणि "आमेन" ती चपला घालताना म्हणायची. तिचे गुडघे रोज माझ्यावर टेकत होते, पण तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी एकदाही ऐकलं नाही. रांगेत ती सगळ्यांच्या मागे, आणि तिचा नंबर आला की खिडकी बंद.

एकदा ती संध्याकाळी घरी आली ती पर्ससकट जमिनीवर बसली आणि माझ्यावर कपाळ टेकलं. नवरा घाबरला. "काय झालं गं?"

"एका आजोबांचा फोन होता. आजी न्हाणीत पडल्या होत्या. ते रडायला लागले आणि माझाच आवाज कापायला लागला. मला पत्तासुद्धा धड विचारता येईना. ते म्हणाले, 'बाई, तुम्हीच घाबरलात तर मी कुणाकडे बघू?' आणि फोन ठेवला."

"मग?"

"त्यांनीच पुन्हा लावला. गाडी पोचली. आजी वाचल्या. पण नसता लावला तर?"

नवऱ्याने तिची पर्स उचलून खुंटीला लावली. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला विचारतो कोण?

रात्री जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "सकाळी कामाला जायच्या आधी मला थोडी शांतता मिळाली तर..."

मामंजींनी हातातला घास खाली ठेवला. "पोरीचं बरोबर आहे." मी मनात म्हटलं, पेटला एकदाचा दिवा! "घर म्हणजे नुसता बाजार. प्रार्थनेची वस्तू प्रार्थनेच्याच जागी शोभते. हा बाक मी चर्चला देऊन टाकतो. सूनबाई, तू रविवारी तिथे टेक, हवी तेवढी!"

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात, ते हेच. गोंगाट करणारे घरात आणि हद्दपार मी! नवऱ्याने तोंड उघडलं होतं, पण त्यातून जांभई बाहेर आली. ती मात्र ताटं गोळा करू लागली. मोठ्या माणसाने भल्यासाठी केलेल्या गोष्टीला नवी सून नाही कशी म्हणणार?

चर्चमध्ये मला चकचकीत पॉलिश झालं. माझ्या अंगावर कुटुंबाच्या नावाची पितळी पट्टी ठोकली. व्यासपीठाच्या पायथ्याशी मला मांडलं आणि डाग पडू नयेत म्हणून पुढे लाल फीत बांधली. म्हणजे टेकायच्या बाकावर टेकायची बंदी! आणि सोमवार उजाडला की दाराला कुलूप. देवाला जणू कामाच्या दिवशी काही काम नसतं. एका सकाळी ते दार कुणीतरी बाहेरून हलवून पाहिलं. एकदाच, हळू. मी ती चाहूल ओळखली. मग पावलं बस थांब्याकडे गेली.

पुढच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या?" त्यांची रीत अशी की उठून जो जे सांगेल, ते जसंच्या तसं देवापुढे मोठ्याने म्हणायचं, आणि मंडळीने "आमेन" म्हणायचं. सासूबाई उठल्या. गुडघा. उजवा. त्या बसतात न बसतात तोच सून उठली.

सासूबाईंनी तिची बाही ओढली. "बस गं, मी सांगितलंय आपलं."

"माझी वेगळी आहे, आई." आवाज हळू होता, पण कापत नव्हता. "उद्या सकाळी मी गुडघे टेकले की आमेन म्हणेपर्यंत घरात मला कुणी हाक मारू नये. आणि माझा बाक मला परत मिळावा. मला दिवसभर सगळ्यांच्या हाका ऐकायच्या असतात. त्याआधी मला एकाचंच ऐकायचंय."

मागे कुणीतरी खोकलं. पाळकसाहेब जरा घुटमळले. पण रीत ती रीत. त्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू, आमच्या या बहिणीच्या उजव्या गुडघ्याला आराम दे. आणि तिच्या सुनेला उद्या सकाळी, ती आमेन म्हणेपर्यंत, घरात कुणीही हाक मारू नये, आणि तिचा बाक तिला परत मिळावा..."

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठ्याने मामंजी. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"अहो, हे काय म्हणून बसलात!" सासूबाई कुजबुजल्या.

"तूही म्हणालीस की!"

"मी सवयीने म्हणाले."

सवयीचं का असेना, देवासमोरचं आमेन परत घेता येत नाही. उपासना संपली, तिने स्वतःच्या हाताने फीत सोडली आणि मला काखेत मारून घरी आणलं.

सोमवारी सकाळी ती टेकली. पितळी पट्टी भिंतीकडे. मामंजी खांद्यावर पंचा टाकून दारात उभे, तोंड उघडं, आवाज नाही. नवरोजी एक काळा आणि एक राखाडी मोजा घालून भिंतीला चिकटलेले. "हे स्वर्गीय बापा," ती म्हणाली. आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग कुणी न सांगता तिने आईंचा गुडघा घेतला. साहेब घेतले. वरच्या मजल्यावरचा माणूससुद्धा घेतला. आणि मग म्हणाली, "आज ज्याचा पहिला फोन येईल, त्याला माझ्या आवाजाने धीर येऊ दे. मी घाबरले तरी त्याला कळू देऊ नकोस. गाडी वेळेत पोचव. आमेन."

बस, एवढंच! एवढंसं मागायला या पोरीला आख्खी मंडळी साक्षीला उभी करावी लागली!

सासूबाईंनी नाक ओढलं. "झालं ना आमेन? मग विचारते. माझा गुडघा कितवा होता?"

"पहिला, आई."

"उद्यापासून शेवटी घाल. आधी त्या फोनवाल्यांचं माग."

यावर मी विरघळलो असं कुणी समजू नका. एका सोमवाराने लाकूड निवत नाही. काल मामंजी दारात उभे राहून वरच्या मजल्याकडे बोट दाखवून खाणाखुणा करत होते. हाक मारली नाही ना, मग झालं, असा त्यांचा हिशोब!

म्हणून तुम्हालाही बजावतो. तुमच्या घरात सकाळी कुणी डोळे मिटून बसलं असेल, तर आपला मोजा आपण शोधा. आणि गुडघा दुखत असला, तर त्याच गुडघ्यावर टेकून स्वतः मागा. टेकायला मी आहे. फक्त माझ्यावर चढून डबे काढू नका. मी उतरता आहे, आणि आता मला राग येतो हे तुम्हाला कळलंय.